भाड्याचे पोशाख आणि करवंटीतले कोंब

हे प्रकरण देवगड आणि मालवणच्या मधल्या किनाऱ्यावर असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं आहे. पहिली ते पाचवी, शिक्षक दोघे, पट ३१. मी तिथली उपशिक्षिका. मूळची माण तालुक्यातली, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरची. बदलीने आले तेव्हा मुलांचं बोलणं मला निम्मं कळायचं नाही, आणि माझं ऐकून पहिलीतली पोरं एकमेकांकडे बघायची. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्या वेळी मला हे आठवायला हवं होतं आणि आठवलं नाही.

शाळेत मुलं तीन बाजूंनी येतात. खाली समुद्राला लागून गाबितांची वाडी आहे, तिथली बहुतेक घरं होडी आणि जाळ्यावर जगणारी. मधल्या उतारावर भंडारी आणि मराठा घरं, चार मुसलमान कुटुंबं, दोन ख्रिस्ती. आणि वर सडा, म्हणजे खडकाळ पठार. सड्यावर जांभ्याच्या चिरेखाणी आहेत. पाऊस सरला की तिथे विजापूरकडून लमाणी कुटुंबं येतात, चिरे काढतात, गाड्या भरतात आणि मेअखेरीस परत जातात. सड्याच्या कडेने हापूसची कलमं आहेत. तिथे राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, काही हंगामापुरती, काही आता बारमाही. ज्या वर्षापासून सांगते आहे त्या वर्षी ३१ पैकी नऊ मुलं खाण आणि कलमं मिळून होती.

मुलांनी तीन गट पाडून त्यांना नावं दिली होती: वाडीतली (खालची आणि मधल्या उतारावरची), कलमांतली, खाणीवरली. पोषण आहाराची खिचडी एकाच टोपातली, पण जेवायला बसायच्या जागा तीन.

पहिलं वर्ष

स्नेहसंमेलनाला 'विविधतेत एकता' हा विषय मीच सुचवला. भाग घेणाऱ्या प्रत्येक मुलाला एक राज्य वाटून द्यायचं, त्याने पुढे येऊन दोन ओळी बोलायच्या, मग नाच. पालकांनी वर्गणी काढली, तालुक्याच्या गावातून पोशाख भाड्याने आले, मागच्या पडद्यावर भारताचा नकाशा रंगवला.

नेपाळी राखणदाराचा मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्याला मी नागालँड दिलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून दिलं. हे लिहिताना जड जातं, पण प्रकरण मांडायचं तर हेच आधी लिहायला हवं. पुठ्ठ्याचा पिसांचा मुकुट घालून तो 'मी नागालँडचा' म्हणाला, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला 'नागा' म्हणू लागली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण तो महिनाभर मधल्या सुट्टीत मैदानात आला नाही. वर्गात बसून पाटीवर रेघोट्या ओढत राहायचा.

त्याच संध्याकाळी दुसरी गोष्ट घडली. शेवटचा नाच बंजारा होता. मधल्या वाडीतल्या चार मुली भाड्याचे घागरे घालून नाचल्या. खाणीवरची एक लमाणी मुलगी, वयाने आठ, आमच्याकडे वयानुरूप प्रवेश देऊन तिसरीत बसवलेली, समोर प्रेक्षकांत होती. धाकट्या भावाला सांभाळायला तिला अधूनमधून घरी राहावं लागे, म्हणून सराव बुडायचा, आणि सराव बुडतो म्हणून मी तिला कशातच घेतलं नव्हतं. नाच संपल्यावर ती पडद्यामागे आली आणि एका मुलीच्या घागऱ्यावरचा आरसा बोटाने चाचपून बघू लागली. तो चकचकीत कागद होता.

तिची आई गडग्यापाशी उभी होती. कार्यक्रमाला म्हणून तिने ठेवणीतली फेटिया आणि कांचळी, म्हणजे लमाणी घागरा-चोळी, नेसली होती, त्यावर खऱ्या काचा, कवड्या, दाट भरतकाम. तिने मला हिंदीत विचारलं, "बाई, ये किसका कपडा है?" मी सांगितलं, बंजारा. ती थोडा वेळ बघत राहिली. "हमारा ऐसा नहीं," एवढंच म्हणाली आणि मुलीचा हात धरून सड्याच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी मी हे मुख्याध्यापक सरांना सांगितलं. त्यांची निवृत्ती जवळ आलेली, संमेलनाचं गावात कौतुक झालेलं. "बाई, पोरं आनंदात होती. एवढं मनाला लावून घेऊ नका," असं ते म्हणाले. दुपारी मात्र स्वतःच माझ्या वर्गाच्या दारात आले. "त्या नऊपैकी स्टेजवर किती होती हो?" एक. आणि तो एक म्हणजे आमचं नागालँड.

चूक कुठे झाली

पोशाखात चूक होती असं मी म्हणणार नाही. नटायला मुलांना आवडतं, ते आवडूच द्यावं. चूक वाटपात होती. कोणी काय व्हायचं ते मी ठरवलं, आणि संस्कृती ही कुठेतरी दूरच्या राज्यात असते असं धरून चालले. जी मुलं आपली भाषा, आपले सण, आपल्या आईच्या हातचं काम घेऊन रोज माझ्या वर्गात येत होती, त्यांना एकदाही विचारलं नाही.

दुसरी चूक जास्त खोल होती आणि ती एका दिवसाची नव्हती. खाणीवरच्या मुलांना मी पाहुणी समजत होते. त्यांना वह्या द्यायचे, पुढे बसवायचे, त्यांच्यावर ओरडायचे नाही. पण फळा पुसणं, घंटा देणं, पाण्याची टाकी बघणं, पोषण आहाराची ताटं मोजणं ही कामं वाडीतल्या मुलांकडे, कारण ती वर्षभर असतात. त्या संमेलनानंतर मला पहिल्यांदा ऐकू आलं की वाडीतली मुलं 'आमची शाळा' म्हणतात आणि खाणीवरली 'तुमची शाळा'. गणवेश सगळ्यांचा एकच होता, परिपाठात घोषणा सगळेच देत होते. आपलेपणा त्यातून आला नव्हता.

कायद्याचं इथे थोडक्यात सांगते, कारण पुढच्या सभेत त्याचा उपयोग झाला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात बालक म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं मूल, एवढीच व्याख्या आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आणि कलम २९ म्हणतं की शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी. लमाण्यांची गोरबोली किंवा नेपाळी हे आमच्या दोन शिक्षकांच्या शाळेत माध्यम होणं शक्य नाही, मला त्या भाषा येतही नाहीत. पण त्या वर्गात ऐकूच येऊ नयेत असं कायदा कुठेही म्हणत नाही.

करवंट्या

पुढच्या वर्षीचा कार्यक्रम आम्ही आखला नाही, तो परिसर अभ्यासाच्या तासाला हाती आला. नोव्हेंबरात बी रुजण्याचा पाठ होता. नारळाच्या रिकाम्या करवंट्यांत माती भरून खिडकीत ठेवल्या होत्या. शिकवता शिकवता मी माझ्या गावचं सांगितलं: आमच्याकडे नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात आणि दसऱ्याला त्यातले कोंब माझे वडील टोपीत खोवायचे. ती लमाणी मुलगी, आता चौथीत, त्याच मुकादमाबरोबर कुटुंब परत आलेलं, मागून एकदम म्हणाली, "तीज."

दीड वर्षात ती वर्गात न विचारता पहिल्यांदा बोलली होती. मी थांबले. तिने मोडक्या मराठीत सांगितलं: श्रावणात तांड्यावर लग्न न झालेल्या मुली टोपलीत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. तिची मोठी बहीण पेरायची, आता लग्न झालं म्हणून पेरत नाही. वाडीतली पोरं गप्प बसून ऐकत होती. एकीने विचारलं, "गाणां म्हण मगे." ती लाजली, पण दुसऱ्या दिवशी म्हणाली.

त्याच आठवड्यात नेपाळी मुलाची आई त्याला सोडायला आली आणि खिडकीतल्या करवंट्या बघून थबकली. त्यांच्या दशैंमध्ये असंच पेरतात, म्हणाली. त्याला जमरा म्हणतात. जव पेरायचे, अंधारात ठेवायचे म्हणजे कोंब हिरवे न होता पिवळे येतात, आणि दशमीला थोरली माणसं टिळा लावून ते लहानांच्या डोक्यावर, कानामागे ठेवतात. अंधारात कोंब पिवळे का होतात, हा प्रश्न मग मुलांनीच विचारला. आम्ही एक करवंटी खिडकीत आणि एक टोपाखाली ठेवून बघितलं. हरितद्रव्याचा पाठ मी याआधी इतका चांगला कधीच शिकवला नव्हता.

माण, विजापूर, नेपाळ, आणि करवंटी इथली. मी सरांना म्हटलं, या वर्षी संमेलन नको, नऊ दिवस करू. पेरणीपासून कोंब वर येईपर्यंत. १६ डिसेंबरला सुरू आणि २४ ला शेवट. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती. १८९९ साली ते दापोली तालुक्यात पालगडला जन्मले, म्हणजे याच कोकणातले. भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात ही त्यांची आंतरभारतीची कल्पना. सर म्हणाले, "मग हिंमत करा. सभेत मी बोलतो."

सभा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या जागी बायका असाव्या लागतात. आमची समिती नियमाने बरोबर होती, पण तिच्यात सड्यावरचं कोणी नव्हतं. त्या सभेला मुकादम आणि राखणदाराची बायको यांना आम्ही मुद्दाम बोलावलं.

सभा सोपी गेली नाही. पहिला प्रश्न आला, "आमच्या चेडवाचो डान्स खंय गेलो?" तो रास्त होता. आईबापांना वर्षातून एकदा मुलीला स्टेजवर बघायचं असतं. शेवटच्या दिवशी नाच राहील, असं कबूल केलं. दुसरा प्रश्न एका पालकाने मुकादमासमोरच विचारला: "ती पोरां मे म्हयन्यात जातली. तेंच्यासाठी एवढां सगळां कित्याक?" सरांनी कायदा सांगितला. त्याने माणूस गप्प होतो, पण त्याला पटत नाही. मग रापणीवर जाणारे एक आजोबा बोलले. त्यांचा नातू पहिलीत आहे. "रापणीची दोरी धरणाऱ्याक तू खंयचो म्हणान कोण इचारता? दोरी धरल्यान, वाटो गावलो."

ज्यांना रापण माहीत नाही त्यांच्यासाठी: होडीतून जाळं किनाऱ्यापासून आत नेऊन अर्धवर्तुळात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि मग दोन रांगा करून माणसं ते ओढत आणतात. एकट्या घराचं काम नव्हे, त्याला पुष्कळ हात लागतात, आणि मिळेल त्याचे वाटे होतात. हल्ली पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने रापणीला पूर्वीसारखं मिळत नाही अशी इथल्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे. आजोबाही ते बोलले. पण त्यांच्या त्या वाक्याने सभा फिरली, आणि नवव्या दिवशी सगळ्या शाळेने रापणीवर यायचं असं त्यांनीच ठरवून टाकलं.

तिसरी अडचण मला आधी दिसली नव्हती. एका मुसलमान पालकांना वाटलं की घट म्हणजे पूजा, आणि आपल्या मुलीने पूजेला उभं राहू नये. मी सांगितलं की कुंकू, दिवा, आरती काही नाही, हा रुजण्याचा पाठ आहे. त्यावर एक आजी दुखावल्या: घट म्हटला की दिवा लागायलाच हवा. दोघांचंही खरं होतं. म्हणून आम्ही 'घट' हा शब्दच काढला आणि 'कोंब' म्हणालो. ज्याने त्याने आपल्या करवंटीत हवं ते पेरावं. त्या मुलीने मेथी पेरली. तिचे कोंब सगळ्यांच्या आधी वर आले, आणि ती ते रोज सगळ्यांना दाखवत फिरायची.

नऊ दिवस

रोजचा परिपाठ एका मुलाने चालवायचा, आपल्या घरच्या भाषेत सुरुवात करायची, बस. फळ्याच्या कडेला 'आई' शब्दाची ओळ वाढत गेली: आई, आवस, याडी, आमा. नेपाळीत एक, दुई, तीन, चार मोजताना एक, तीन आणि चार आपलेच निघाल्यावर पहिलीची मुलं आनंदाने ओरडली. मालवणीतून परिपाठ झाला तो दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाडीतल्या मुलांनाही आपली बोली शाळेत चालते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आम्ही ती इतकी वर्षं 'शुद्ध बोल' म्हणून दारातच ठेवायला लावत होतो.

नेपाळी मुलाची पाळी पाचव्या दिवशी होती. मी त्याला म्हटलं, नेपाळचं काही सांगशील? तो मान खाली घालून म्हणाला, "माका म्हायत नाय. मी हंयचोच." दोन वर्षांचा असताना तो इथे आला, त्याची मालवणी माझ्यापेक्षा कितीतरी अस्सल आहे. मी पुन्हा तीच चूक करत होते, फक्त या वेळी नागालँडऐवजी नेपाळ. मी विचारलं, मग तुला काय करायचंय? "संकासूर."

दशावतार या इथल्या लोकनाट्याच्या सुरुवातीच्या भागात येणारा, वेद पळवणारा, काळ्या वेषातला आणि मालवणीतून प्रेक्षकांना हसवणारा हा संकासूर. गावच्या जत्रेत त्याने तो दरवर्षी पाहिला होता. सरांनी आपल्या जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाची टोपी शिवून दिली. जमऱ्याबद्दल त्याची आई बोलली, आणि तो संकासूर होऊन वर्गभर नाचला. त्या दिवसानंतर 'नागा' हाक ऐकू आली नाही. मुलं त्याला संकासूर म्हणतात, आणि ते नाव त्याने स्वतः निवडलेलं आहे.

लमाणी मुलीच्या आईला दिवसाची मजुरी बुडवून येणं शक्य नव्हतं. ती आठवडा बाजाराच्या दिवशी आली, त्या दिवशी खाण बंद असते. कापडावर काच ठेवून भोवती टाका कसा घालायचा ते तिने दाखवलं. शिवायला काय घ्यावं यावर चर्चा झाली आणि हजेरीपटाचं कापडी वेष्टन ठरलं, कारण ते रोज सगळ्यांना दिसतं. मुलीने पाच काचा लावल्या, इतरांनी मिळून सात. त्यातल्या दोन निघाल्या, पुन्हा लावल्या. आजही हजेरीच्या वेळी उन्हात ते वेष्टन भिंतीवर कवडसे पाडतं आणि पहिलीतली मुलं ते पकडायला धावतात.

रापणीच्या सकाळी एक गोष्ट कळली. खाणीवरच्या सहा मुलांपैकी चौघांनी समुद्र जवळून पाहिलाच नव्हता. सड्यावरून तो रोज दिसतो, खाली यायचं कारण कधी पडलं नव्हतं. दोर ओढताना वाडीतली मुलं तालात सूचना देत होती: पाय वाळूत रोवा, मागच्याने आधी ओढू नका. जाळ्यात तारली, थोडे बांगडे, बाकी कचरा. आजोबांनी वाटे घातले आणि प्रत्येक मुलाच्या हातात दोन दोन बांगडे दिले. खाणीवरच्या एका लहानग्याने ते पानात बांधून जपून नेले. सांजवेळच्या कार्यक्रमात ठरल्याप्रमाणे नाच झाले. ख्रिस्ती कुटुंबातल्या आजीने नाताळच्या नेवऱ्या एक दिवस आधीच पाठवल्या, राखणदाराच्या बायकोने तांदळाच्या पिठाच्या सेलरोट्या तळल्या. आमच्या वड्यांशी त्यांची तुलना बायकांमध्ये बराच वेळ चालली.

नवव्या दिवसापासून कामंही फिरती केली. घंटा, ताटं, टाकी, सगळं आठवड्याने बदलतं आणि खाणीवरच्या मुलांची पाळी वगळत नाही. मला वाटतं नऊ दिवसांपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

जे जमलं नाही

दोन भाऊ सहाव्या दिवशीच गेले. त्यांच्या बापाला दुसऱ्या तालुक्यातल्या खाणीवर काम मिळालं आणि टेम्पो पहाटे निघाला. त्यांच्या करवंट्या खिडकीत राहिल्या, मुलांनी पाणी घातलं. जेवायच्या जागा मिसळल्या, पण पूर्ण नाही. चौथीतले मुलगे अजून वाडीप्रमाणेच बसतात. सभेत प्रश्न विचारणारे ते पालक शेवटच्या दिवशी आले नाहीत. त्यांच्या मुलीने नाच केला आणि ती एकटी घरी गेली. सरांनी आणि मी नंतर त्यांच्या घरी जायला हवं होतं, गेलो नाही.

मे महिन्यात लमाणी मुलगी निघाली तेव्हा स्थलांतरित मुलांना देतात ते शिक्षण हमी कार्ड तिला दिलं. मग लक्षात आलं की गावी गेल्यावर ती कन्नड शाळेत जाईल आणि हे कार्ड तिथल्या शिक्षकांना वाचता येणार नाही. मुकादम कन्नडमधून दहावी शिकलेला. तो शाळेच्या पायरीवर बसला, मी मराठीतून सांगत गेले आणि त्याने कार्डाच्या मागे कन्नडमध्ये पाच ओळी लिहिल्या: ती तीन अंकी बेरीज-वजाबाकी करते. मराठी वाचते. कन्नड अक्षरं थोडी ओळखते. तिला गाणी पुष्कळ येतात. तिला घंटा द्यायचं काम द्यावं, ती वेळ चुकवत नाही.

मुकादमाने शेवटची ओळ लिहून कार्ड तिच्या हातात दिलं. तिने ते कानाशी दुमडलेल्या ओढणीच्या गाठीत बांधलं आणि विचारलं, दिवाळीनंतर आल्यावर माझी घंटेची पाळी कितवी?